किडेवाले साहेब

चुडाव्याच्या स्टेशनात नांदेडकडून येणारी पॅसेंजर दोन मिनिटं थांबायची. तेवढ्यात पंचफुलाला अख्खी टोपली रिकामी करायची असायची. पदर खोचून ती या खिडकीकडून त्या खिडकीकडं पळायची, "जाम घ्या, जाम! साखरेवानी जाम!" परभणीकडं पेरूला जामच म्हणतात. गाडीत कुणी पेरू म्हणालंच, तर तो माणूस लांबचा, हे तिला न सांगता कळायचं.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. त्या दिवशी तिसऱ्या डब्याच्या खिडकीतून एक हात बाहेर आला, टोपलीतला एक जाम उचलून आत गेला. पण आतला माणूस काही जाम खाईना. त्यानं खिशातून बारकं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि जामाच्या देठापाशी बघत बसला.

"ओ भाऊ," पंचफुला म्हणाली, "जाम खायचा असतो. बघायचा नसतो."

"खाणारे आधीच बसलेत ना इथं!" त्यानं भिंग आणि जाम दोन्ही खिडकीतून तिच्यापुढं धरलं. "बघा की."

तिनं बघितलं. पिठासारखं पांढरं काहीतरी देठाच्या खाचेत हललं... तिच्या अंगावर काटा आला. पण चार गिऱ्हाइकांसमोर असं ऐकून घ्यायची तिची रीत नव्हती.

"चिकटा हाय त्यो. पुसला की जातो."

"पुसून जाणारा न्हाई हा. बाग कुठं हाय तुमची?"

"कशाला?"

"जवळ हाय का लांब?"

"तुमची गाडी सुटायलीय, साहेब."

"सुटू द्या. आधी बाग सांगा."

शिट्टी झाली. गाडीनं धक्का खाल्ला आणि हा बहाद्दर छातीशी एक खोकं धरून खाली उतरला. गाडी निघून गेली. फलाटावर टोपली घेतलेली ती आणि खोकं घेतलेला तो, दोघंच उरली. उंच, सावळा, शर्टाच्या खिशावर शाईचा डाग. डोळे मात्र असे, की बघितलं तर बघतच राहावं लागेल. म्हणून पंचफुलानं खोक्याकडं बघितलं.

"अन् ह्यात काय हाय?"

"पाव्हणे. सकाळपासून उपाशी हायेत."

त्यानं खोक्यावरचं मलमलीचं फडकं जरासं सरकवलं. आत तिळाएवढे काळे किडे, तांबूस डोक्याचे, तुरुतुरु पळत होते. पंचफुला दोन पावलं मागं सरली.

"अगं माय! आमच्या बागेत किडे कमी हायेत का, म्हून तुमी खोकं भरून आनले?"

"तुमचे ते जाम खाणारे," तो हसला, "अन् हे त्यांना खाणारे."

त्याचं नाव भुजंग. गाव जिंतूर तालुक्यातलं चारठाणा, नोकरी परभणीच्या कृषी विद्यापीठात, हंगामी सहायकाची. हे ढालकिडे घेऊन तो सकाळी एका मोठ्या मोसंबीवाल्याकडं गेला होता. पण त्या गड्यानं आदल्याच दिवशी झाडांवर विष फवारून ठेवलेलं. तिथं किडे सोडले असते तर तासाभरात मेले असते. म्हणून भरलं खोकं तसंच घेऊन तो परत निघाला होता, आणि चुडाव्याला हा जाम हाताला लागला.

"नाव भुजंग, अन् जपता किड्याला," बागेच्या वाटेनं चालताना पंचफुला म्हणाली.

"अन् तुमचं?"

"पंचफुला."

"तरीच," तो म्हणाला, आणि पुढं काहीच बोलला नाही. तरीच काय? ते पंचफुलाला बागेपर्यंत कळलं नाही, आणि विचारायचीही चोरी.

बाग रुळांच्या कडेलाच होती. पंचफुलाचा बाप सटवाजी रेल्वेत गँगमन होता. तीस वर्षं रूळ ठोकून रिटायर झाला आणि वाटणीच्या तुकड्यात त्यानं जामाची साठ झाडं लावली. त्या झाडांवर घर चालायचं. गेल्या साली चिकटा आला तेव्हा सटवाजीनं स्वतः पंप पाठीवर घेऊन विष मारलं आणि चौथ्या झाडाखाली आडवा झाला. पूर्णेच्या दवाखान्यात चार दिवस काढून आला तो हाताला कंप घेऊनच. तेव्हापासून त्यानं शपथ घातली होती, ह्या बागेत पुन्हा पंप यायचा नाही. "सकाळी तोडलेला जाम दुपारी गाडीतलं लेकरू सालीसकट खातं," तो म्हणायचा. "त्याला काय चारायचं मी?"

भुजंगनं खोपीतला बाबासाहेबांचा फोटो बघितला, "जयभीम" म्हणाला, चपला काढून आत बसला आणि तासाभरात सटवाजीला त्यानं आपलंसं करून टाकलं. पंचफुलाचा थोरला भाऊ सिताराम तेवढा लांब उभा राहिला. तो पूर्णेच्या लोकोशेडात कामाला, त्या दिवशी सुट्टीवर. "किड्यानं किडा जातो व्हय?" एवढंच तो म्हणाला.

किडे झाडाझाडावर सोडले गेले. काळे ठिपके पानाआड दिसेनासे झाले.

"बेस्तरवारी येतो," भुजंग जाताना म्हणाला. ते सटवाजीला सांगितलं होतं. पण बघितलं कुणाकडं, ते पंचफुलालाच माहीत.

*

बेस्तरवार यायला किती दिवस लागावेत? पंचफुलाला वाटलं, मधे कुणी दोन वार जास्तीचे घातले. भाकरी तव्यावर करपू लागली. विहिरीवर घागर भरून उतू गेली तरी ध्यान नाही. बसलं की उठावं वाटे, उठलं की कुठं जावं कळेना. परभणीकडची गाडी यायच्या अर्धा तास आधीच ती टोपली घेऊन फलाटावर हजर. चतुराबाई, तिची आई, म्हणाली, "गाडी तुझ्या जाण्यानं लवकर येती का ग?"

तो आला. या खेपेला त्यानं मुंग्या दाखवल्या. खोडावरून काळ्या मुंग्यांची रांग वर चढत होती.

"ह्या चिकट्याच्या राखणदार," तो म्हणाला. "चिकटा गोड पाणी सोडतो, ह्या पितात. मग आपल्या ढालकिड्याला जवळ येऊ देत न्हाईत."

"म्हंजे खाल्ल्या मिठाला जागतात."

"जागतात. म्हून त्यांची वाट अडवायची."

सटवाजीनं जुन्या सोबत्यांकडून रेल्वेचं वंगण आणलं होतं. भुजंग आणि पंचफुला झाडाझाडाच्या खोडाला पट्ट्या बांधून त्यावर वंगण लावत निघाली. एका बाजूनं तो, एका बाजूनं ती. मधे झाड. पट्टीचं टोक त्यानं द्यायचं, तिनं घ्यायचं. बोटाला बोट लागायचं आणि दोघंही मुंग्यांविषयीच बोलत राहायची.

विसाव्या झाडापाशी तो थांबला.

"तिथं..." त्यानं लांबूनच बोट दाखवलं. "गालाला... वंगण लागलंय."

तिनं मनगटानं पुसलं. काळा फराटा कानापर्यंत गेला. तो खो खो हसला.

"हसायला काय झालं? तुमच्याच कामानं काळी झाले."

"काळी न्हाई. आता फक्त वंगण दिसायलंय... मघाशी जरा बघवत नव्हतं."

"का?"

"लय उजेड पडायला होता."

पंचफुला झाडाआड गेली. एकविसाव्या झाडाला तिनं दोनदा पट्टी बांधली.

त्या दिवशी जाताना तो म्हणाला, "पुढच्या बेस्तरवारी तुमाला एक गंमत दाखवायची हाय."

"कसली?"

"आत्ता सांगत न्हाई."

"सांगा की."

"सांगितलं तर तुमी वाट कशाला बघताल?"

"मी कुनाची वाट बघत नसते, साहेब," ती म्हणाली, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत फलाटावरून हलली नाही.

*

पुढच्या बेस्तरवारी तो आला नाही.

गाडी आली, दोन मिनिटं थांबली, गेली. पंचफुलानं सगळे डबे बघितले. जाम एकही विकला गेला नाही, कारण ती विकायचंच विसरली होती. शुक्रवारी पुन्हा गेली. शनिवारी पुन्हा. नामांतराची चळवळ तेव्हा जोरात होती. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून गावोगावची माणसं नांदेडला सत्याग्रहाला जात होती. चुडाव्याचेही चारपाच जण गेले होते. पण भुजंगचं आणि त्याचं काही नातं असेल, हे तिच्या मनात आलं नाही. तिच्या मनात दुसरंच यायचं... आपण काही जास्त बोललो का? कमी बोललो का? त्याला दुसरी बाग मिळाली असेल, दुसरी टोपली, दुसरं कुणी...

आणि त्याच आठवड्यात झाडं पांढरी होऊ लागली.

आधी एका फांदीवर, मग दुसऱ्या. पानांच्या मागं, देठांच्या बेचक्यात कापसाच्या बोळ्यासारखे पांढरे किडे, चिकट्यापेक्षा मोठे, लोकर अंगावर घेतलेले. काळे ढालकिडे मोजके दिसायचे. पांढरे मात्र रोज वाढत होते. दुसराही बेस्तरवार कोरडा गेला तेव्हा चतुराबाईनं डोक्याला हात लावला. सटवाजी एकेक पान उलटायचा, त्याच्या हाताबरोबर पानही थरथरायचं.

रविवारी सिताराम पूर्णेहून आला तो पाठीवर पंप आणि हातात विषाचा डबा घेऊनच.

"आबा, तुमी घरी जाऊन बसा. मी मारतो. तोंडाला फडकं बांधून मारतो, मला काय होत न्हाई."

"दादा, थांब," पंचफुला म्हणाली. "किडेवाल्या साहेबांनी सांगितलंय, विष मारलं तर आपले किडे मरतेत."

"आपले?" सिताराम फिरला. "ही पांढरी पीडा त्यानंच आणून सोडली खोक्यातून! अन् सोडून पळाला. दोन आठवडे झाले, तोंड दाखवलंय का? मोठ्या बागाईतदाराकडं गेला असता का असं करून? आपल्या गरिबाची बाग घावली त्याला शिकायला."

"त्ये तसे न्हाईत."

"तुला काय ठाव ते कसे हायेत? कोण लागतो त्यो तुझा?"

चतुराबाई चुलीकडं बघू लागली. पंचफुला तिथंच खाली बसली. काय सांगायचं? खरंच, कोण लागत होता तो? दोन भेटी आणि गालावरचा एक फराटा, एवढंच तर होतं.

ती उठली आणि पंपाला आडवी उभी राहिली.

"उद्या सकाळपस्तोर थांब, दादा. मला बघू दे. मग मार."

"उद्या मला ड्युटी हाय."

"थांब रं," सटवाजी म्हणाला. "एवढे दिवस गेले. एक रात्र."

पंचफुला अकराव्या झाडाखाली जाऊन बसली, जिथं सगळ्यात जास्त पांढरं झालं होतं. एक फांदी खाली ओढून तिनं डोळ्यांजवळ धरली. बसवत नव्हतं. पाय हलत होते, मन स्टेशनाकडं पळत होतं, मुंबईची गाडी धडधडत गेली तेव्हा हातातली फांदी सुटली. तिनं पुन्हा धरली. आणि मग, दुपार कलता कलता, तिला एक गोष्ट दिसली. पांढरे दोन जातीचे होते! एक बारीक, पिठाळ, जागच्या जागी चिकटून बसलेले. आणि दुसरे मोठे, झिपरे... ते पळत होते. पळायचे, थांबायचे, तोंड खुपसायचे. एक झिपरा एका पिठाळावर चढला. ती श्वास धरून बघत राहिली. बऱ्याच वेळानं झिपरा बाजूला झाला तेव्हा पिठाळाचं नुसतं फोलपट उरलं होतं.

"आबा! दादा! हिकडं या!"

सिताराम आला, बघितलं, आणि मान हलवली. "मला तर सगळे सारखेच दिसायलेत." पण तो लोकोशेडातला माणूस, पारखल्याबिगर काही मोडीत काढायचा नाही. त्यानं लोणच्याची रिकामी बरणी धुऊन आणली, चिकट्यानं भरलेली एक डहाळी तिच्यात टाकली, चार झिपरे सोडले, तोंडाला फडकं बांधलं. "सकाळी बघू. खरं असलं तर पंप माघारी नेतो."

सकाळी बरणी उघडायला पंचफुलाला धीर झाला नाही. सितारामनंच उघडली. डहाळीवर पांढरा भुगा पडला होता. पिठाळ किडे जवळजवळ सगळे सरले होते. चार झिपरे मात्र टुणटुणीत, फडक्याला लटकलेले. अन्न शोधत होते.

सितारामनं पंप उचलला. "ड्युटीला उशीर व्हायलाय," म्हणाला. दहा पावलं गेल्यावर मागं न बघताच बोलला, "हुशार हायेस तू. पर त्यानं सांगायला पाहिजे होतं."

सांगायला पाहिजेच होतं. पंचफुलाला त्याचा एवढा राग आला, एवढा राग... की डोळे भरून आले.

*

तिसऱ्या दिवशी पोस्टमन दिनकरराव सायकलवरून उतरले ते हातात कार्ड नाचवत.

"सटवाजी, जेलातून कार्ड हाय तुला. वाचलं मी. शेवटची एक ओळ तेवढी लागत न्हाई. उन्हात धरून बघितली."

पंचफुलानं कार्ड जवळजवळ हिसकावलंच.

'सटवाजीराव यांना भुजंगचा जयभीम. मी नांदेडला सत्याग्रहात आहे, म्हणजे जेलात आहे, काळजी नसावी. झाडांवर पांढऱ्या, लोकरीसारख्या अळ्या दिसतील. त्या आपल्याच ढालकिड्यांच्या आहेत, चिकटा खाऊन मोठ्या होतात. मारू नका. हे मी आधीच सांगायला पाहिजे होते. गंमत म्हणून ठेवले, माझी चूक झाली.'

त्याखाली एक ओळ होती. शाईनं गच्च खोडलेली. मग 'आपला, भुजंग'.

त्या ओळीनं पंचफुलाचं खाणंपिणं सुटलं. उलट्या बाजूनं बघितलं, तिरपं धरून बघितलं. शेवटी 'वाटतो' एवढंच लागलं. काय वाटतो? कोण वाटतो? आणि खोडली कुणी? जेलातल्या साहेबानं खोडली असेल तर त्यात असं काय होतं? आणि यानंच खोडली असेल... तर लिहिलीच कशाला? ती कार्ड फडताळात ठेवायची आणि घटकाभरानं पुन्हा काढायची.

*

तो आला तेव्हा ती, सुटला की आधी नोकरीवरच जाईल असं धरून, परभणीकडं तोंड करून उभी होती. गाडी मागून आली, नांदेडकडून. कुणीतरी म्हणालं, "जाम घ्यायचाय."

दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला, गाल आत गेलेले. पंचफुलानं टोपली खाली ठेवली. म्हणायचं खूप होतं. पण गाडी शिट्टी देत होती, लोक बघत होते. "चला," ती म्हणाली आणि पुढं चालू लागली.

बागेत पाऊल टाकल्याबरोबर तो झाडांकडं पळाला. पानं उलटून बघू लागला. पानं हिरवीगार, देठ स्वच्छ, आणि सगळीकडं काळे चकचकीत ढालकिडे, शेकड्यांनी. त्याचा चेहरा असा फुलला की पंचफुलानं मुद्दाम तोंड फिरवलं.

"गंमत!" ती म्हणाली. "तुमच्या गमतीपायी माझ्या दादानं पंप आनला होता."

"मग?"

"मग काय? आडवी झाले मी."

"कशाच्या भरवशावर?" तो हळू आवाजात म्हणाला. "मी तर काहीच सांगितलं नव्हतं."

तिनं एक सुकं पान चुरलं. "नोकरी हाय का गेली?"

"अजून परभणीला गेलोच न्हाई. तीन आठवडे हजेरी न्हाई. ठेवतेत का काढतेत, उद्या कळंल."

"काढलं तर?"

"तर चारठाण्याला जाईन. रान हाय थोडं."

"चारठाण्याला तुमच्या रानात जाम हायेत?"

"न्हाईत."

"मग तिथं काय करताल?"

"लावावे म्हणतो. पर मला एकट्याला राखता यायचे न्हाईत... मुंग्या लय असतेत तिकडं."

पंचफुलाला हसू आलं ते तिनं दातांत धरलं. मग जे इतके दिवस ओठांवर होतं ते निसटलंच. "ती ओळ कुनी खोडली?"

"मीच."

"काय लिवलं होतं?"

त्यानं मान खाली घातली. "'जाम खावासा वाटतो.'"

"...एवढंच?"

"एवढंच."

आठ दिवस! आठ दिवस ती त्या ओळीमागं लागली होती. "जामासाठी कोण ओळ खोडतं?"

"खोटं होतं, म्हून खोडली." तो वर बघायला लागला, पानांकडं, मग तिच्याकडं. "जाम न्हवता खावा वाटत. तिथं रोज बेस्तरवार मोजायचो मी. तू दिसावीस एवढंच वाटायचं... अन् कार्ड तुझ्या बापाच्या नावाचं. कसं लिवू?"

पहिल्यांदा तो 'तू' म्हणाला होता. रुळांवरून मालगाडी जात होती, तिचे डबे संपता संपेनात, आणि पंचफुलाला ते बरंच वाटलं; काळजाचा आवाज तरी कुणाला ऐकू जायचा नाही. गाडी गेली. बाग एकदम शांत झाली. तिनं फांदीवरचा एक पिकला जाम तोडला, पदराला पुसला आणि त्याच्या हातावर ठेवला. हात मागं घ्यायला तिला जरा वेळच लागला.

"एवढ्यानं पोट भरायचं न्हाई," ती म्हणाली.

खोपीपाशी चतुराबाई भाकरी थापत होती. सटवाजी आणि सुट्टीवर आलेला सिताराम ताटावर बसले होते. पंचफुला झाडांतून बाहेर आली, तो दोन पावलं मागं. तिनं नेहमीसारखाच मोठ्यानं आवाज दिला.

"माय, आनखी एक ताट घे. ह्यांना वाढ!"

चतुराबाईची अर्धी थापलेली भाकरी हातातच राहिली. सितारामचा घास तोंडापाशी थांबला. आजवर 'किडेवाले साहेब' म्हणणारी पोरगी 'ह्यांना' म्हणाली होती... ज्याचं नाव घ्यायचं नसतं त्याला बाई म्हणते तसं. पंचफुलालाही ते बोलल्यावरच कळलं. कान तापले. सुधारायला वेळ होता. "साहेबांना" म्हटलं असतं तर कुणी काही धरलं नसतं.

तिनं सुधारलं नाही. तशीच उभी राहिली.

सटवाजीनं आपल्या कापऱ्या हातानं बाजूची जागा झटकली आणि सरकून बसला.

"या, जावईबापू," तो म्हणाला. "भाकर गरम हाय तोवर बसा."